पेनड्राइव्हवरची गाणी दर वेळी पहिल्यापासून लागतात? बिघाड शोधण्याआधी हे तपासा

त्रास असा आहे. नव्या गाडीत पेनड्राइव्ह लावला की फोल्डर दिसतच नाहीत. सगळी गाणी एकाच लांबलचक यादीत, नावाच्या पहिल्या अक्षरानुसार लागलेली. गाडी बंद करून चालू केली की मधेच राहिलेलं गाणं तिथून पुढे लागत नाही. कधी रेडिओ सुरू होतो, कधी यादीतलं पहिलंच गाणं. सर्व्हिस सेंटरला नेली की दोन दिवस बरं वाटतं आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

सात महिन्यांत चार हेलपाटे घातल्यावर मला जे कळलं ते इथे लिहिते आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. यातल्या बऱ्याचशा तक्रारी बिघाडाच्या नसतातच. जुन्या गाडीत असलेली सोय नव्या गाडीत काढून टाकलेली असते आणि ते कोणी सांगत नाही. काढलेली सोय दुरुस्त होत नाही, तिला पर्याय शोधावा लागतो. हे मला पहिल्याच दिवशी कळलं असतं तर तीन पेनड्राइव्ह आणि चार रजा वाचल्या असत्या.

आमच्या घरी हे अण्णांमुळे लक्षात आलं. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७६, काचबिंदूमुळे स्क्रीनवरची अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत. जुन्या गाडीतल्या प्लेअरला उजव्या बाजूला एक गोल बटण होतं. फिरवलं की टक, टक असे टप्पे लागायचे. पहिला टप्पा सकाळचे अभंग, दुसरा कीर्तनं, तिसरा नाट्यगीतं, चौथा आईच्या आवडीची गाणी. हे चार फोल्डर मी त्यांना दहा वर्षांपूर्वी लावून दिले होते. अण्णा खिडकीबाहेर बघत बघत बटण फिरवायचे आणि टप्पे मोजायचे. आई गेल्यानंतर कितीतरी दिवस त्यांचा हात आपोआप चौथ्या टप्प्यावर जाऊन थांबायचा.

पाडव्याला नवी गाडी आली. स्क्रीन सव्वादहा इंची. गोल बटण नाही, फोल्डर नाही, टप्पे नाहीत. दोन-तीन वेळा चाचपडून अण्णांनी हात मांडीवर घेतला आणि म्हणाले, "राहू दे गं, तूच लाव काहीतरी."

आधी हे ठरवा: बिघडलंय, लपलंय की काढलंय

पहिल्या हेलपाट्यात मला सांगितलं, पेनड्राइव्ह खराब आहे. मी नवा घेतला. मग अजून एक घेतला. दुसऱ्या वेळी त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट केलं, फरक शून्य. तिसऱ्या वेळी सगळं रीसेट केलं, त्यात ब्लूटूथला जोडलेले फोन आणि साठवलेली रेडिओ स्टेशनं गेली. चौथ्या वेळी एका तरुण मेकॅनिकनं जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. त्यानं माझा पेनड्राइव्ह घेतला आणि शोरूममधल्या टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत लावला. तेच मॉडेल, तेच व्हेरियंट. तिथेही फोल्डर नाहीत, तिथेही गाणं पहिल्यापासून. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या गाडीला काही झालेलं नाही. या सिस्टीममध्ये फोल्डर दिलेलेच नाहीत."

म्हणून सुरुवात इथून करा. तुमचाच पेनड्राइव्ह त्याच मॉडेलच्या, त्याच व्हेरियंटच्या दुसऱ्या गाडीत लावून बघा. दोन्हीकडे अगदी एकसारखं होत असेल तर दुरुस्तीचा नाद सोडा. दुसऱ्या गाडीत नीट चालत असेल, तर तुमच्या गाडीत खरंच बिघाड आहे. मग वॉरंटीत काम करून घ्या आणि जॉब कार्डवर 'दुसऱ्या गाडीत तपासलं, तिथे चालतं' हे वाक्य लिहून घ्यायला विसरू नका. तोंडी सांगितलेलं पुढच्या वेळी कोणाला आठवत नाही.

तिसरी शक्यताही असते. सोय असते, पण मेनूत कुठेतरी आत लपलेली असते. काही सिस्टीममध्ये गाणं चालू असताना यादीचं चिन्ह दाबलं तरच 'फोल्डर' हा पर्याय येतो, गाणं थांबलेलं असेल तर येत नाही. गाडी उभी असताना दिसणारे काही पर्याय गाडी चालू असताना झाकले जातात. हँडब्रेक लावून, गाडी उभी करून, एकदा सगळा मेनू शांतपणे उघडून बघा. गाडीबरोबर आलेलं मॅन्युअलही वाचा, पण त्यावरचं मॉडेलचं वर्ष बघून. इन्फोटेनमेंटचं, म्हणजे गाणी-नकाशाच्या स्क्रीनचं, पुस्तक बऱ्याचदा वेगळं असतं.

पोर्ट कुठला आहे?

हे एका मिनिटात उरकतं, पण निम्मे लोक इथेच अडकतात. नव्या गाड्यांत समोर दोन पोर्ट दिसतात आणि त्यातला एक फक्त चार्जिंगचा असतो. वरचं चिन्ह बघा. त्रिशूळासारखं चिन्ह असेल तर त्यातून गाणी वाचली जातात. बॅटरीचं किंवा विजेचं चिन्ह असेल तर त्यात पेनड्राइव्ह लावून उपयोग नाही. मागच्या सीटसाठीचे पोर्ट जवळपास नेहमीच फक्त चार्जिंगचे असतात.

पोर्ट टाइप-सी असेल आणि पेनड्राइव्ह जुन्या चपट्या तोंडाचा, तर मधे जोडणी लागते. रस्त्यावर वीस-तीस रुपयांना मिळते ती घेऊ नका. मी घेतलेली पहिली जोडणी खड्ड्यात गाडी आपटली की सुटायची आणि मला वाटायचं, सिस्टीम बंद पडली. दोन्ही तोंडं असलेला पेनड्राइव्ह मिळतो, तो सोयीचा पडतो.

पेनड्राइव्ह मुळात वाचलाच जात नसेल तर

फॉरमॅट, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइली साठवायची पद्धत, तपासा. संगणकावर पेनड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघितलं की कळतं. गाडीला सगळ्यात भरवशाचा फॉरमॅट फॅट३२. बाजारात ६४ जीबी आणि त्याहून मोठे पेनड्राइव्ह मिळतात ते बहुधा एक्सफॅट असतात. एनटीएफएस तर बऱ्याच गाड्यांना ओळखूच येत नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत फॅट३२ हा पर्याय ३२ जीबीपर्यंतच देत आले आहेत, म्हणून ३२ जीबीचाच पेनड्राइव्ह घ्या. एमपी३ची हजारो गाणी त्यात आरामात बसतात. फॉरमॅट करण्याआधी गाणी संगणकावर उतरवून घ्या, कारण फॉरमॅट केलं की सगळं पुसलं जातं.

मॅक वापरत असाल तर 'एमएस-डॉस (फॅट)' आणि त्याच्या खाली 'मास्टर बूट रेकॉर्ड' निवडा. दुसरा पर्याय, म्हणजे जीपीटी, निवडला तर फॉरमॅट बरोबर असूनही बऱ्याच गाड्या पेनड्राइव्ह नाकारतात. मॅकवरून गाणी टाकली की प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि अधोरेषेनं सुरू होणारी एक लपलेली फाइल जाते. संगणकावर ती दिसत नाही, गाडी मात्र ती वाजवायला जाते आणि 'फाइल वाचता येत नाही' म्हणते. प्रत्येक गाणं दोनदा दिसत असेल आणि त्यातलं एक वाजत नसेल, तर कारण हेच.

आणि एमपी३च ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्ड करून पाठवलेलं कीर्तन ओपस प्रकारच्या फाइलमध्ये येतं, ते गाडीत वाजण्याची शक्यता कमी. गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी तर त्या अ‍ॅपच्या बाहेर निघतच नाहीत, ती पेनड्राइव्हवर घ्यायचा प्रयत्न करू नका.

फोल्डर गेले, त्याला पर्याय

इथे सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त जीव इथेच जळतो.

जुना प्लेअर पेनड्राइव्ह तुम्ही लावला तसाच वाचायचा. फोल्डर उघड, आतली फाइल वाजव, एवढंच त्याचं काम. नव्या सिस्टीम पेनड्राइव्ह लावला की आधी सगळ्या गाण्यांची मोजदाद करतात आणि स्वतःची एक वही तयार करतात. आमच्यासारख्या गाड्यांत या वहीत फोल्डरचं नाव जात नाही. गाण्याच्या पोटात लिहिलेली माहिती जाते: गाण्याचं नाव, गायक, अल्बम, क्रमांक. तिला टॅग म्हणतात. स्क्रीनवर 'गाणी', 'कलाकार', 'अल्बम' असे जे रकाने दिसतात ते या वहीतले. आपल्याकडच्या गाण्यांत हे टॅग एक तर रिकामे असतात, नाहीतर जिथून गाणं उतरवलं त्या संकेतस्थळाचं नाव त्यात कोंबलेलं असतं. म्हणून सगळा गोंधळ.

मग उपाय असा: फोल्डरचं नाव अल्बमच्या रकान्यात लिहायचं. फोल्डर नाही तर नाही, पण 'अल्बम' उघडला की तीच चार नावं दिसली पाहिजेत.

संगणकावर एमपी३टॅग नावाचं सॉफ्टवेअर घ्या, विंडोजवर ते मोफत आहे. मॅक किंवा लिनक्सवर किड३ मोफत मिळतं. एका वेळी एकच फोल्डर उघडा. सगळी गाणी एकदम निवडा. डावीकडे रकाने दिसतील. 'अल्बम'मध्ये फोल्डरचं नाव लिहा, आणि सुरुवातीला आकडा घाला: १ अभंग, २ कीर्तन, ३ नाट्यगीत, ४ आई. आकडा घातला नाही तर गाडी अक्षरानुसार लावते आणि तुमचा क्रम मोडतो.

यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात. 'अल्बम आर्टिस्ट' नावाचा एक वेगळा रकाना असतो. तो रिकामा असेल आणि प्रत्येक गाण्याचा गायक वेगळा असेल, तर काही गाड्या एका अल्बमचे गायकागणिक तुकडे करतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात '३ नाट्यगीत' हे नाव यादीत एकवीस वेळा आलं. त्या रकान्यात सगळ्या गाण्यांना एकच शब्द द्या, मी 'घर' असा दिला. एकवीसचा एक झाला.

मग 'ट्रॅक'मध्ये क्रमांक. सॉफ्टवेअरमध्ये क्रमांक आपोआप घालायची सोय आहे, ती वापरा आणि ०१, ०२ असे शून्य लावूनच घाला. नाहीतर १ च्या पाठोपाठ १० येतो आणि २ कुठेतरी खाली. शेवटी जतन करा आणि पुढचा फोल्डर घ्या. बाराशे गाण्यांना मला एक रविवार लागला.

मराठी नावं नीट दिसत नसतील तर काय दिसतंय ते नीट बघा. प्रश्नचिन्हं दिसत असतील तर टॅग चुकीच्या पद्धतीनं लिहिला गेलाय. एमपी३टॅगच्या पर्यायांत जाऊन टॅग 'आयडी३व्ही२.३, यूटीएफ-१६' या प्रकारात लिहायला सांगा आणि नावं परत टाइप करून जतन करा. रिकामे चौकोन दिसत असतील तर गाडीत देवनागरी अक्षरांचा फॉन्टच नाही. त्याला इलाज नाही, नावं इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागतात. आमच्या गाडीत चौकोन येतात. महाराष्ट्रात विकलेल्या गाडीत 'अभंग' हा शब्द दिसू नये, याचं मला खरंच वाईट वाटलं.

गाणं तिथून पुढे लागत नाही

आधी एक साधी चाचणी करा. गाणं मधे असताना गाडी बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा. मग तसंच रात्रभर ठेवून सकाळी चालू करा. पाच मिनिटांनंतर बरोबर तिथून लागतं आणि सकाळी लागत नाही, असं असेल तर सिस्टीम थोडा वेळ नुसती झोपते आणि नंतर पूर्ण बंद होते. पूर्ण बंद झाल्यावर ती सकाळी पेनड्राइव्हची वही नव्यानं लिहायला घेते, आणि ते होईपर्यंत रेडिओ लावते. दोन्ही वेळा लागत नसेल तर जागा लक्षात ठेवण्याची सोयच दिलेली नाही.

पहिल्या प्रकारात पेनड्राइव्ह हलका केला की फरक पडतो. ज्याचं कोणी ऐकत नाही ते काढून टाका. गाण्याच्या पोटात अल्बमचं मोठं चित्र असतं, तेही काढून टाका, वही लवकर तयार होते. मॅन्युअलच्या शेवटी किती फाइली, किती फोल्डर आणि किती थर चालतील याचे आकडे सहसा दिलेले असतात, त्याच्या आत राहा.

गाणं पाच मिनिटांचं असेल तर पहिल्यापासून लागलं तरी चालून जातं. पण कीर्तन एक तास चाळीस मिनिटांचं असतं. सातारा ते चिपळूण जाताना पाटणला चहाला थांबलो की आख्यान ऐन रंगात आलेलं असतं, आणि परत गाडी सुरू केली की पुन्हा नमन. स्क्रीनवर बोट सरकवून पुढे न्यावं तर घाटात ते शक्य नाही, आणि मी गाडी चालवत असताना ते करूही नये.

याला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तुकडे करणं. एमपी३डायरेक्टकट हे छोटं मोफत सॉफ्टवेअर लांब फाइल ठरावीक मिनिटांवर कापून देतं आणि आवाजाच्या दर्जाला धक्का लागत नाही. मी दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले. एका कीर्तनाचे दहा तुकडे, त्यांना ०१ ते १० क्रमांक, आणि प्रत्येक कीर्तनाला स्वतःचा अल्बम. आमची गाडी कुठला तुकडा चालू होता एवढं लक्षात ठेवते, तुकड्यातली जागा नाही. म्हणजे जास्तीत जास्त दहा मिनिटं मागे जावं लागतं. अण्णा म्हणाले, चालेल, तेवढं परत ऐकायला आवडतं.

तुमची गाडी काहीच लक्षात ठेवत नसेल तर पेनड्राइव्ह सोडून एक जुना फोन कायमचा गाडीत द्या. सिम नको. त्यात गाणी भरा आणि व्हीएलसी किंवा श्राव्यपुस्तकांचं एखादं अ‍ॅप टाका. श्राव्यपुस्तकांची अ‍ॅप प्रत्येक फाइल कुठे थांबली ते लक्षात ठेवतात. फोन ब्लूटूथनं जोडा. उन्हाळ्यात मात्र तो डॅशबोर्डवर तापत ठेवू नका, बॅटरी फुगते.

'फोनवरून ऐका ना' असं सांगतात तेव्हा

काउंटरवर प्रत्येक वेळी हेच उत्तर मिळतं. फोनमधली गाणी आणि नकाशे गाडीच्या स्क्रीनवर आणणारे अँड्रॉइड ऑटो आणि (आयफोनसाठी) कारप्ले दोन्ही २०१४ मध्ये जाहीर झाले, आणि त्यांच्याच भरवशावर गाडीतल्या स्वतःच्या सोयी एकेक करून कमी झाल्या. सीडी गेली, ऑक्सची वायर गेली, नकाशाचं एसडी कार्ड गेलं, आता पेनड्राइव्हचा नंबर लागला आहे. आणि या फोनच्या सोयीसुद्धा कायमच्या नाहीत. जनरल मोटर्सनं २०२३ मध्ये आपल्या पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांतून दोन्ही काढत असल्याचं जाहीर केलं.

फोनवरून थेट ऐकणं शहरात ठीक आहे. कोयनानगर सोडून हेळवाकहून कुंभार्ली घाटात उतरायला लागा आणि बघा. नेटवर्क जातं, गाणं थांबतं, नकाशा गोठतो. घाटाच्या रस्त्यानं नेहमी जाणाऱ्यांनी गाणी फोनमध्ये उतरवून ठेवावीत आणि गूगल मॅप्समध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा आधीच घ्यावा. गर्दीची माहिती त्यात येत नाही, वळणं मात्र येतात.

अँड्रॉइड ऑटो सतत तुटत असेल तर आधी केबल बदला. एक मीटरच्या आतली, डेटा वाहून नेणारी केबल हवी. चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबल फक्त वीज वाहतात. केबल चांगली असूनही तुटत असेल तर फोनच्या पोर्टमधला कापसासारखा कचरा लाकडी टूथपिकनं हळूच काढा. हसू नका, माझ्या फोनचा त्रास तेवढ्यानंच गेला.

अपडेटनंतर एखादी सोय गेली असेल तर

अपडेट घेण्याआधी सेटिंगमधल्या आवृत्तीच्या क्रमांकाचा आणि मुख्य मेनूच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. नंतर 'हे आधी होतं' असं सांगायला पुरावा लागतो. अपडेटनंतर काही नाहीसं झालं तर आधी स्क्रीन नव्यानं सुरू करा. बहुतेक गाड्यांत पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावं लागतं, बटण नसेल तर मॅन्युअलमध्ये पद्धत दिलेली असते. फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी.

दुसऱ्या देशातल्या गाडीचं सॉफ्टवेअर टाकून फोल्डर परत आणून देतो म्हणणारे लोक भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. स्क्रीन कायमची बंद पडली तर वॉरंटीही नाही आणि जुनं सॉफ्टवेअरही नाही. बाहेरून दुसरा प्लेअर बसवायचाही मोह होतो, पण आताच्या गाड्यांत मागचा कॅमेरा, एसी आणि कधीकधी गाडीच्या सेटिंगही त्याच स्क्रीनमध्ये असतात. तो पर्याय जुन्या गाड्यांसाठीच बरा, आणि तिथेही वायर न कापता कपलरनं जोडून घ्या.

बटणं गेली त्याचं काय

याला घरगुती उपाय थोडेच आहेत. स्टीअरिंगवर तारा किंवा हृदयाचं चिन्ह असलेलं बटण असेल तर त्याला हवं ते काम नेमून देता येतं, सेटिंगमध्ये बघा. मी त्याला 'मीडिया' दिलं. पण ते माझ्या हाताशी, अण्णांच्या नाही.

बटणं नसणं ही नुसती गैरसोय नाही. वी बिलॅगरे या स्वीडिश मासिकानं २०२२ मध्ये गाड्या ताशी ११० किलोमीटर वेगानं चालवून एक चाचणी घेतली. रेडिओचं स्टेशन बदलणं, एसीचं तापमान वाढवणं अशी चार साधी कामं. बटणं असलेल्या २००५ सालच्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. टचस्क्रीनच्या सगळ्यात वाईट गाडीत ४४.९ सेकंद लागले आणि गाडी १,३७२ मीटर पुढे गेली. जवळजवळ दीड किलोमीटर, आणि त्या वेळात नजर किती वेळा रस्त्यावरून हटली असेल! युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी युरो एनकॅप ही संस्था २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन कॉल यांना खरी बटणं असावीत असा आग्रह धरते आहे. गाण्याचं बटण त्या यादीत नाही.

एएम रेडिओ

नव्या गाडीत एएमच नाही, फक्त एफएम. इलेक्ट्रिक गाड्यांत मोटर आणि इन्व्हर्टरची खरखर एएमच्या लहरींमध्ये शिरते हे खरं कारण आहे, पण आमची गाडी पेट्रोलची आहे. फोर्डनं २०२३ मध्ये अमेरिकेत एएम काढायचं ठरवलं होतं आणि विरोध झाल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात निर्णय मागे घेतला. म्हणजे ग्राहकांनी आवाज केला तर सोय परत येते. तोवर आकाशवाणीचं न्यूजऑनएअर अ‍ॅप आहे, नेटवर्क असेल तिथे.

तक्रार कुठे आणि कशी

तुम्ही गाडी बुक केली त्या महिन्याचं माहितीपत्रक शोधा. त्यात तुमच्या व्हेरियंटसमोर ती सोय लिहिलेली असेल आणि गाडीत नसेल, तर हक्कानं भांडा. डीलरला आणि कंपनीला ईमेल करा, माहितीपत्रकाचं ते पान आणि स्क्रीनचा फोटो जोडा, उत्तरासाठी मुदत द्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोग. 'पूर्वसूचनेशिवाय बदल होऊ शकतात' अशी बारीक अक्षरातली ओळ माहितीपत्रकात असते, काउंटरवर ती दाखवून हात वर करतात. तेवढ्यानं गप्प बसू नका, त्यांचं म्हणणं लेखी मागा.

माहितीपत्रकात नुसतं 'यूएसबी' लिहिलेलं असेल तर आमच्यासारखं होतं. यूएसबी आहे, म्हणून तक्रार टिकत नाही. तरी मी कंपनीला लिहिलं, आणि फोल्डर म्हणजे काय, कोणाला लागतात, हे अण्णांच्या बोटांच्या टप्प्यांसकट लिहिलं. 'सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे' असं उत्तर आलं. दर तीन महिन्यांनी परत लिहिते.

नवी गाडी घ्यायची असेल तर टेस्ट ड्राइव्हला तुमचा भरलेला पेनड्राइव्ह खिशात घेऊन जा. लावा, फोल्डर बघा, गाडी बंद करून चालू करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारच्या सीटवर बसवा आणि त्यांना स्वतः गाणं बदलायला सांगा. सेल्समनला घाई असेल तरी हे करा.

आता आमच्याकडे असं चाललंय. अल्बमच्या यादीत चार नावं आणि खाली कीर्तनं. पहिली चार ओळखायला मी स्क्रीनच्या कडेला, त्या त्या ओळीसमोर, शिलाई मशीनच्या दुकानातून आणलेले चार छोटे उंचवट्याचे गोल चिकटवले आहेत. यादी उघडून दिली की अण्णा कडेवरून बोट खाली आणतात, गोल मोजतात आणि तिथून आत दाबतात. दहातल्या सात वेळा बरोबर लागतं. चौथं, आईचं, त्या चार गोलांत सगळ्यात खाली आहे, ते मात्र एकदाही चुकलेलं नाही.

आकाशवाणीच्या पुणे केंद्राचं एएमवरचं ७९२ किलोहर्ट्झ काही परत आलेलं नाही. त्यासाठी पुढच्या कप्प्यात सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर ठेवला आहे. चालत्या गाडीत तो नुसता खरखरतो. म्हणून साताऱ्याहून साडेसहाच्या आत निघतो, उंब्रजला वळणाआधी गाडी बाजूला घेते, इंजिन बंद करते, आणि अण्णा ट्रान्झिस्टर घेऊन खाली उतरतात. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या संपल्या की आम्ही पाटणच्या रस्त्याला लागतो.